शेपटीचा टेकू

एटीआर हे पंख्याचं विमान बेवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागी, येऊन उभं राहिलं की चाकांना चॉक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लागतात आणि लगोलग एक जण झपाझप मागे जाऊन शेपटीखाली दांडा उभा करतो. कागदोपत्री नाव टेल प्रॉप, लोडरच्या तोंडी टेकू. या विमानात माणसं मागच्या दारानं चढतात-उतरतात आणि सामानाची मोठी जागा पुढे, वैमानिकांच्या केबिनच्या पाठीमागे असते. पुढच्या बॅगा भराभर निघाल्या आणि सत्तर माणसं मागच्या दाराशी दाटली, तर भरल्यावर २३ टनांपर्यंत जाणारं हे धूड नाक वर करून शेपटीवर बसायला कमी करत नाही. म्हणून आधी टेकू, मग दार. ‘झपाझप’ म्हटलं तेही मुद्दाम. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात, धावायला बंदी आहे. घाई कितीही असो, चालायचं.

हे बघितलं कोल्हापुरात, उजळाईवाडीच्या विमानतळावर. एप्रनवर पत्रकाराला सहजासहजी पाय ठेवता येत नाही. तिथं जायला नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा पास लागतो आणि पासच्या आधी पोलिस पडताळणी. त्यामुळे पाहायचं ते प्रतीक्षागृहाच्या काचेतून किंवा स्वतः विमानात चढता-उतरताना, आणि ऐकायचं ते ड्युटी सुटल्यावर बाहेरच्या चहाच्या गाड्यावर. बोलणाऱ्यांची नावं देत नाही. बरेच जण ठेकेदाराकडे करारावर आहेत आणि करार नवा होताना कोण काय बोललं याची आठवण निघू नये, एवढीच त्यांची अट होती.

उजळाईवाडीची धावपट्टी संस्थानी काळातली, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतली. एका अंगाला गोकुळ शिरगावची एमआयडीसी आणि पुणे–बंगळूर महामार्ग, बाकी आजूबाजूला ऊस. २०१८ मध्ये सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली विमानं पुन्हा सुरू झाली, त्याआधी कित्येक वर्षं इथं प्रवासी विमानच नव्हतं. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. दगडी कमानींची, राजवाड्याची आठवण करून देणारी ही इमारत देखणी आहे, लोक दारात उभं राहून फोटो काढतात. पण विमानतळ म्हणजे इमारत, हा समज मला तिथं जाऊनच सोडावा लागला. विमान नसताना त्या कमानींखाली पंखे आणि सुरक्षारक्षक एवढंच असतं. विमानतळ तिथं खरोखर सुरू होतो तो विमान यायच्या तासभर आधी आणि मिटतो ते उडाल्यावर थोड्या वेळानं. मधल्या वेळात तो ज्यांच्या अंगावर चालतो ती माणसं मोजायला एका जीपपेक्षा फार मोठी गाडी लागणार नाही.

मोठ्या विमानतळावर प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. इथं तसं परवडत नाही. काउंटरवर बोर्डिंग पास देणारी मुलगी इचलकरंजीची, बी.कॉम. झालेली. काउंटर बंद झाला की तीच माईकवर मराठी, हिंदी, इंग्रजीत घोषणा करते. मग तीच गेटवर पास स्कॅन करते, व्हीलचेअरवरच्या आजींना दारापर्यंत सोबत करते आणि विमान उडालं की आलेल्यांपैकी कुणाची बॅग राहिली त्याचा अर्जही तीच भरून घेते. एकदा एका प्रवाशानं तिला विचारलं होतं, ‘‘तुम्ही दोघी जुळ्या आहात काय?’’ काउंटरवरची आणि गेटवरची एकच आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

लोडर चार-पाच. त्यांतला सगळ्यांत जुना शेजारच्याच गावचा, चाळिशीतला, घरी पावणेदोन एकर ऊस. सगळे त्याला दादा म्हणतात, मीही म्हणू लागलो. दादांचा दिवस कळायचा तर आधी आकडा ध्यानात घ्यावा लागतो. माणशी १५ किलो सामान आणि ७० जागा धरल्या तर विमान भरलेलं असताना टनभर ओझं उतरवायचं आणि तेवढंच चढवायचं. मोठ्या विमानाला सामानाचा चालता पट्टा लावतात. इथं बहुतेक काम हातानं. एक जण ट्रॉलीवरून बॅग उचलतो, दुसरा दाराशी घेतो, तिसरा आत वाकून रचतो. आतला माणूस पूर्ण ताठ उभा राहू शकत नाही. ‘‘पाठ जाती ती आत,’’ दादा म्हणाले, ‘‘वर उचलून न्हाई जात. वाकून फेकायला लागतंय न्हवं.’’ फेकायचं नाही, ठेवायचं, असं प्रशिक्षणात सांगितलेलं असतं. दादांनी शब्द वापरला तो मात्र फेकायचा, आणि लगेच हसून दुरुस्त केला.

उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत साधारण पंचवीस ते तीस मिनिटं मिळतात. त्यातलं सगळ्यांत कठीण काम ओझं उचलण्याचं नाही, आवाजात काम करण्याचं आहे. जेट विमानांच्या शेपटीत एक छोटं सहायक इंजिन असतं, जमिनीवर असताना वीज आणि थंड हवा ते पुरवतं. एटीआरला ते नाही. मग एक तर बाहेरून जीपीयूची, म्हणजे जनरेटरच्या गाडीची, केबल जोडायची, नाहीतर उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा तेवढा ब्रेक लावून थांबवायचा. याला हॉटेल मोड म्हणतात. पंखा स्थिर दिसतो, पण इंजिन गर्जत असतं आणि त्याच्या मागे गरम हवेचा झोत सुटलेला असतो. कानांवर इअरमफ असल्यानं बोलणं खुंटतं, सगळा कारभार हातवाऱ्यांवर येतो. दोन मुठी अंगठे आत करून एकमेकींकडे आणल्या की चॉक लागले. उलट बाहेर नेल्या की काढले. दादांच्या घरी म्हणे आता जेवणाच्या ताटावरही ‘बास’ असं तोंडानं म्हणत नाहीत.

सामानाचं पुढचं दार डाव्या बाजूला, आणि डाव्या इंजिनचा पंखा तिथून काही पावलांवर. जवळजवळ चार मीटर व्यासाचा, सहा पात्यांचा. थांबलेला असतो तेव्हा त्याची भीती वाटत नाही. पूर्ण वेगानं फिरतो तेव्हा तो दिसतच नाही, आणि धोका तिथंच. म्हणून पंखा पूर्ण थांबून इशारा मिळेपर्यंत कुणीही लाल रेघेच्या आत यायचं नाही. प्रवाशांना दोन्ही बाजूंनी कोन लावून मागच्या दाराशी नेतात ते काही शोभेसाठी नाही. सेल्फी काढायला रांग सोडून पुढे गेलेल्या एकाला दादांनी दंडाला धरून मागे ओढला. त्यानं तक्रार केली. लेखी खुलासा दादांना द्यावा लागला.

या धोक्याला इतिहास आहे. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत पुशबॅकच्या वेळी एक तंत्रज्ञ जेट विमानाच्या इंजिनात खेचला गेला. जुलै २०१९ मध्ये कोलकात्यात चाकाच्या कप्प्याची दारं अचानक मिटून एक तरुण तंत्रज्ञ गेला, आणि ते विमान एटीआरसारखंच पंख्याचं होतं. प्रशिक्षणात या गोष्टी सांगतात. हँडलिंगच्या माणसांत विमान पडण्याची चर्चा मी कधी ऐकली नाही, या दोन मरणांची ऐकली.

विमानाचं वजन हा मला वाटलं होतं त्याहून नाजूक मामला निघाला. किती माणसं, किती पोरं, पुढे किती बॅगा, मागे किती, इंधन किती, यावरून लोड अँड ट्रिम शीट तयार होते. हिशेब आता संगणक करतो, पुष्कळदा दूरच्या शहरात बसून. पण बॅगा प्रत्यक्षात कुठं ठेवल्या हे सांगणारा माणूस इथलाच. मोठ्या प्रवाशाचं वजन सरासरी ७५ किलो धरतात. एरवी ठीक. पण हे कोल्हापूर आहे. तालमीतली पोरं कुठल्या कुस्तीला एकत्र निघाली की काउंटरवरची ताई रांगेकडे बघूनच फोन उचलते, कारण अशा जथ्याला सरासरी लावून चालत नाही, खरं वजन धरावं लागतं. मग त्यांना सगळ्यांना एकाच टोकाला बसवता येत नाही. ‘‘दादा, जरा पुढच्या रांगेत बसता का?’’ असं तिनं गोड आवाजात विचारलेलं मी ऐकलं आहे. ते बिचारे लाजून उठले. त्यांना वाटलं आपलं काही चुकलं.

उन्हाळ्यात हा हिशेब आणखी आवळतो. दुपारी तापलेल्या हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो, आणि लहान धावपट्टीवर तेवढ्यात उडायचं तर वजन कमी करण्यावाचून इलाज नसतो. मग काही बॅगा मागे राहतात. जळगावला एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, तिथल्या एका लोडरनं सांगितलेलं: दुपारी एप्रनवर बुटाचा तळवा मऊ झालेला पायाला कळतो. बॅग उतरवायची कुणाची हे ठरवणारे दुसरेच असतात, पण मालक काचेतून बघत असतो आणि त्याला दिसतो तो फक्त लोडर.

बॅगांत काय असतं यावर दादा तासभर बोलू शकतात. इथून जाणाऱ्या पिशव्यांना कांदा-लसूण मसाल्याचा वास, आणि चपलांचा चामडी वास तर ट्रॉली दुरून आली तरी कळतो. तिरुपतीचं विमान असलं की येणाऱ्या सामानात लाडू. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले लोक ओटीतलं सुकं खोबरं घरी न्यायला निघतात आणि तिथं पंचाईत होते. सुकं खोबरं तेलकट असतं, आग पकडतं, म्हणून ते विमानात चालत नाही. देवीचा प्रसाद काढून ठेवा असं एखाद्या म्हाताऱ्या बाईला कोण सांगणार? सांगावं लागतंच. काढून ठेवलेल्या प्रसादाचं पुढे काय होतं, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही, सगळे चहा प्यायला लागले.

विमान दिसण्याच्या आधी जीप धावपट्टीवरून फिरून येते. खडा, पत्र्याचा तुकडा, मेलेला साप, काहीही उचलायचं. कुत्रं, कोल्हं कुंपणाखालून आत शिरलंय का बघायचं. अग्निशमनची माणसं गाडीजवळ तयार. एटीआरच्या लांबीच्या विमानाला पाचव्या श्रेणीचं अग्निशमन लागतं आणि धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचावं लागतं. हे जवान रोज तयारी करतात ती अशा गोष्टीची, जी होऊ नये म्हणून बाकी सगळे राबत असतात. त्यांच्याबद्दल एवढंच लिहितो. स्वतंत्र लेखाचा विषय आहे तो.

पक्ष्यांबद्दल मात्र थोडं जास्त. फटाके घेऊन फिरणारे एक मामा आहेत. नांगरट चालू झाली की ट्रॅक्टरमागे बगळ्यांची फौज, पहिल्या पावसात किडे उठले की घारी, आणि टिटवी तर गवतातच अंडी घालून बसते. टिटवीला फटाक्याची भीती वाटत नाही असं मामांचं ठाम मत. ती उडते, शिव्या घालते आणि पुन्हा तिथंच उतरते. घारींचा प्रश्न विमानतळाच्या आत सुटणाराच नाही. विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात जनावर कापू नये, पक्षी येतील असा कचरा उघड्यावर टाकू नये, असं १९३७ च्या विमान नियमांतलं ९१ वं कलम सांगत आलं आहे. शहर इथून ९ किलोमीटरवर. म्हणजे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं अर्धंअधिक कोल्हापूर त्या वर्तुळात येतं. हे कलम कोल्हापुरात अक्षरशः पाळायचं कुणी मनावर घेतलं, तर विमान राहील पण पालकमंत्री राहणार नाही. त्यामुळे मामांचे फटाके चालू आहेत.

पावसाळ्यात या नोकरीचा दुसरा चेहरा दिसतो. यंत्रांच्या आधारानं उतरायची सोय जिथं नाही, तिथं वैमानिकाला डोळ्यांनी दिसावं लागतं, आणि त्यासाठी साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. कोकणात चिपीच्या विमानतळावर ढग उतरले की काय होतं हे सिंधुदुर्गातल्या प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे. विमान वर येतं, आवाज ऐकू येतो, लोक खुर्चीतून उठतात आणि आवाज दूर जातो. डायव्हर्ट. वरची सत्तर माणसं भलत्याच शहरात उतरतात आणि खालची सत्तर काउंटरकडे वळतात. त्यांना समोर दिसते ती बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, जिच्या हातात ना ढग असतात ना विमान. दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर अशा छोट्या पल्ल्याच्या प्रवाशांना खाणंपिणं द्यावं लागतं, तसा नियम आहे. नियम लिहिणाऱ्यानं छोट्या विमानतळावर सत्तर पाकिटं आणतात कुठून हे पाहिलेलं नसावं. इथल्या ताईनं एकदा महामार्गावरच्या हॉटेलातून रिक्षानं कटवडे मागवले. शिव्या देणारे शांत झाले. एकानं मात्र रश्श्याचा कागदी वाडगा हातात घेऊन विमान कंपनीला ट्वीट केलं. तेही तिलाच पुढे पाठवण्यात आलं, खुलाशासाठी.

यापेक्षा जास्त झोंबतं ते रिकामपण. सकाळचं विमान गेलं, दुपारचं यायला चार तास आहेत, घर जवळ असेल तर जाऊन यायचं, नसेल तर टाईल्सवर पाठ टेकायची. दादा मधल्या वेळात उसाला पाणी पाजून येतात. इचलकरंजीच्या ताईनं तेवढ्या वेळात बँकेच्या परीक्षेचा अर्धा अभ्यासक्रम संपवला. पगार धरला जातो तो ड्युटीचा, आणि मधले तास ड्युटीत येतात की नाही यावर ठेकेदाराशी वाद आहे. वाद म्हणजे, हे बोलतात आणि तो ऐकून घेतो.

एवढं असून या कामाला माणसं किती तयार आहेत ते जुलै २०२४ मध्ये मुंबईनं पाहिलं. कलिन्याला एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेसनं साधारण २२०० जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या, त्यात बहुतेक जागा हँडीमनच्या, म्हणजे लोडरच्या. पगार बावीस हजारांच्या आसपास. हजारोंचा लोंढा असा आला की शेवटी अर्ज टाकून घरी जा, असं सांगावं लागलं. कोल्हापूरचे दोघे त्या गर्दीत होते. एकाचा बूट तिथं राहिला. छोट्या शहरात पगार त्याहून कमी, पण खोलीचं भाडं नाही, डबा घरचा, म्हणून पोरं इथं टिकतात. विमान इथं टिकेल की नाही, हा प्रश्न वेगळा.

आणि तोच खरा प्रश्न आहे. ‘उडान’ योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ ला पहिली विमानं उडाली, त्यात हैदराबाद–नांदेड होतं. योजना अशी: तीन वर्षं त्या मार्गावर त्या कंपनीचा एकटीचा हक्क, आणि तिकीट स्वस्त ठेवल्यानं येणारी तूट भरून द्यायला सरकारी पैसा. तीन वर्षं सरली की ज्याचं त्यानं बघायचं. ‘कॅग’नं २०२३ च्या अहवालात याचा हिशेब मांडला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी सुरू झाले ३७१. त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. आणि सवलत संपल्यावरही, मार्च २०२३ मध्ये, चालू होते ५४. जळगाव, नांदेडला येणारी ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली, दोन्ही गावांना नियमित विमान पुन्हा दिसायला २०२४ उजाडलं. सोलापुरात विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. केवढं राजकारण झालं त्यावर. नियमित विमान उडालं ते जून २०२५ मध्ये.

या आकड्यांमध्ये प्रवाशांचं काय झालं याची चर्चा होते, ते रेल्वेनं जातात. कंपनी एखाद्या गावातून उठते तेव्हा धावपट्टी राहते, टर्मिनल राहतं, विमानतळ प्राधिकरणाचे आणि अग्निशमनचे कायम लोक राहतात. जातात ते लोडर, काउंटरवरच्या मुली, ट्रॉलीचा ट्रॅक्टर चालवणारे. त्यांना कळतं तेही पुष्कळदा तिकीट विक्रीच्या ॲपवरून. पुढच्या महिन्याच्या तारखा दिसेनाशा झाल्या की समजायचं. दुसऱ्या एका शहरात तीन कंपन्यांचे गणवेश घालून झालेला एक जण मला भेटला. काम तेच, विमानतळ तोच, ट्रॉलीही तीच. प्रत्येक वेळी सुरुवात मात्र नवखा म्हणून, नवख्याच्या पगारावर. त्याच्या घरी खुंटीला तिन्ही जाकिटं आहेत. सरकारनं मार्गाला तूट भरून द्यायची हमी दिली, ती द्यायला हवीच होती. मग त्याच मार्गावर राबणाऱ्या वीस माणसांचा अनुभव एका कंपनीतून दुसरीत मोजला जाईल, एवढी अट घालायला काय जात होतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर, विमानांचं वेळापत्रक बदलतं. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागतं, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. बोनसपेक्षा त्याचीच वाट जास्त पाहिली जाते. फेरी वाढली तर पाळी वाढते, कमी झाली तर माणूस कमी होतो. ताईनं वेळापत्रकाची वाट न बघता नवी मुंबईच्या विमानतळावर अर्ज केला आहे. ‘‘तिथं काउंटर म्हणजे फक्त काउंटर,’’ ती म्हणाली, आणि तिला ते आवडेल की कंटाळवाणं होईल हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. आईचं म्हणणं, बँकेची परीक्षा दे.

दादा कुठं जाणार नाहीत, ऊस आहे. त्यांनी यंदा एप्रनवर गाडी चालवायचं परमिट काढलं. ट्रॅक्टर लहानपणापासून चालवतात, तरी लेखी पेपर द्यावा लागला आणि एप्रनवरच्या रेघांचे रंग पाठ करावे लागले. आता ट्रॉली ओढायचा ट्रॅक्टर त्यांच्याकडे येईल, पाठीला थोडा आराम. एक फेरी वाढणार अशी कुजबूज आहे. वाढली तर आणखी चार लोडर लागतील, आणि दादांचा चुलतभाऊ महिनाभर मागे लागलाय. दादांनी त्याला आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन पोलिस ठाण्यात पाठवलंय. पडताळणी होऊन पास हातात यायला कितीही दिवस लागतात. ‘‘तवर टाईमटेबल बदललं न्हाई म्हंजे मिळवली,’’ दादा म्हणाले, आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.